चटईवर पुरेसा, गवतावर अपुरा: अमळनेर तालुक्यातील एका गोल्फपटूच्या सात नंबरच्या आयर्नचा प्रकरण अभ्यास

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी शेती असलेल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे हे प्रकरण आहे. वय पासष्टीच्या जवळ, खेळाडू उजव्या हाताचे, आणि गोल्फ शिकले ते नोकरीत असताना निरनिराळ्या छावण्यांच्या मैदानांवर. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव वापरतो. निवृत्तीनंतर गावी परतल्यावर खेळ सुटू नये यासाठी त्यांनी विहिरीजवळच्या सिमेंटच्या खळ्यावर रबरी बुडाची, कृत्रिम गवताची चटई अंथरली आणि पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या समोरच्या शेतात चेंडू मारण्याचा सराव सुरू केला. वखरलेल्या मऊ मातीत चेंडू जेथे पडतो तेथेच रुततो, त्यामुळे त्याने हवेतून कापलेले अंतर मोजपट्टीने थेट मोजता येते. ही सोय पुष्कळ चांगल्या सराव-मैदानांवरही मिळत नाही, आणि या अभ्यासात तिचा फार उपयोग झाला.

तक्रार थोडक्यात अशी होती. शेतातील चटईवरून सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या काठीने (क्लबने), मारलेला चेंडू १२५ मीटरच्या आसपास पडत असे. परंतु खेळण्यासाठी नाशिकला गेल्यावर गवती मैदानावर तोच फटका दहा ते वीस मीटर अलीकडे पडे, आणि मधूनच एखादा तर निम्म्या अंतरावरच बसे. "सर, हात तोच, क्लब तोच, चेंडूही तोच, मग नाशिकला वीस मीटर जातात कुठे?" असे आबांनी मला विचारले. मी भौतिकशास्त्र शिकवतो. प्रश्न इतका नेमका मांडलेला होता की त्याचे उत्तरही तितक्याच नेमकेपणाने शोधणे आवश्यक वाटले.

आबांच्या खेळगड्यांनी तोपर्यंत तीन कारणे सुचवली होती: वयामुळे ताकद कमी झाली आहे, शाफ्ट (क्लबची दांडी) फार कडक आहे, आणि नाशिकची हवा वेगळी आहे. पहिली दोन कारणे प्रश्नातच बाद होतात, कारण वय आणि शाफ्ट दोन्ही ठिकाणी सारखेच होते. नवा संच विकत घेण्याचा सल्लाही त्यांना मिळाला होता आणि ते त्या विचारातही होते. तो खर्च निष्फळ ठरला असता. हवेचे कारण मात्र तपासण्यासारखे होते. अमळनेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे आणि नाशिक सुमारे ६०० मीटरवर. चारशे मीटरच्या फरकाने हवेची घनता साधारण साडेचार टक्क्यांनी घटते, म्हणजे नाशिकची हवा त्या मानाने विरळ. उलट, आबा शेतात ३५ अंशांच्या उन्हात मारत आणि नाशिकला सकाळच्या २० अंशांत खेळत. तापमानातील या फरकामुळे नाशिकची हवा सुमारे पाच टक्क्यांनी दाट ठरते. हे दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ पुरते खोडतात. हवेवर वीस मीटरचा हिशेब लावता येत नाही. मग दोन ठिकाणांत उरलेला फरक एकच होता, आणि तो म्हणजे चेंडूखालची जमीन.

येथे क्लब आणि चेंडू यांच्या आघाताविषयी काही गोष्टी मांडाव्या लागतील, कारण आबांच्या मनातील आघाताचे चित्र आणि प्रत्यक्ष आघात यांत मोठी तफावत होती. गोल्फच्या नियमांनुसार चेंडूचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमहून जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी असू शकत नाही. सात नंबरच्या आयर्नचे डोके साधारण २७० ग्रॅमचे असते. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे संथ चित्रण करून पाहिले, तेव्हा आबांच्या क्लबचे डोके लागोपाठच्या दोन चौकटींत सुमारे १३ सेंटिमीटर सरकलेले दिसले. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला ३२ मीटरच्या जवळपास होता. अशा आघातात चेंडू क्लबच्या फेसला, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या सपाट पृष्ठभागाला, सुमारे ०.४५ मिलिसेकंद चिकटून असतो. तेवढ्या वेळात तो स्थिर अवस्थेतून सेकंदाला ४२ मीटरच्या घरात वेग घेतो, म्हणजे त्यावर सरासरी ४,३०० न्यूटन बल लागते. वजनाच्या भाषेत हे साधारण साडेचार क्विंटल होते. कपाशीच्या भावामुळे क्विंटल हे माप आबांना रोजच्या परिचयाचे असल्याने हा आकडा ऐकून ते काही वेळ स्तब्ध झाले.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की मोबाइलच्या चित्रणात आघात दिसतच नाही. दोन चौकटींमधील अंतर ४.१७ मिलिसेकंदांचे, तर आघात त्याच्या सुमारे नवव्या हिश्शाचा. चित्रणात दिसते ती आघाताच्या आधीची आणि नंतरची अवस्था. त्यामुळे मोबाइलवर स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) पाहून फटक्याचे निदान करणाऱ्यांनी जपून बोलावे, असे मला मनापासून वाटते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे: आघात चालू असताना खेळाडूचे हात काहीही करू शकत नाहीत. धक्क्याची संवेदना हातातून मेंदूपर्यंत पोहोचायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो आणि तेवढ्यात चेंडू मीटरभर पुढे गेलेला असतो. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात ॲलिस्टर कॉक्रन यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात शाफ्टच्या खालच्या टोकाला, डोक्याच्या लगेच वर, मोकळी बिजागरी बसवलेला क्लब वापरून पाहिला गेला. त्यानेही चेंडू जवळजवळ तितकाच लांब गेला. आघाताच्या क्षणी क्लबचे डोके हातांपासून सुटलेल्या वस्तूसारखेच वागते, हे त्यातून स्पष्ट झाले. चेंडू फक्त एवढेच जाणतो की डोके कोणत्या वेगाने, कोणत्या दिशेने, कोणत्या कोनात आणि फेसच्या कोणत्या भागाने त्याला भेटले.

आबांची समजूत याच्या विरुद्ध होती. चेंडू जमिनीवर पडलेला आहे, तेव्हा तो हवेत जाण्यासाठी क्लबने त्याला खालून उचलले पाहिजे, असे त्यांना वाटे. त्यामुळे आघाताच्या जरा आधी त्यांचे उजवे मनगट उलगडून क्लबचे डोके हातांच्या पुढे निघून जात असे आणि शरीराचा भार उजव्या पायावर राहत असे. वास्तविक चेंडू वर जातो तो फेसच्या लॉफ्टमुळे, म्हणजे तिरपेपणामुळे. क्लब खाली उतरत असतानाही तिरपा फेस चेंडूला वर आणि पुढे ढकलतो, आणि फेसवरील घर्षणामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते. एडिनबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले होते की ही उलटी फिरकीच चेंडूला हवेत उचलून धरते. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळातील नामांकित हौशी खेळाडू होता, हे जाता जाता सांगायला हवे. घरातला खेळ आणि प्रयोगशाळा यांचा असा मेळ फार क्वचित पडतो.

आता भूमितीकडे येतो, कारण या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. तिरपा फेस चेंडूला त्याच्या मध्याखाली स्पर्श करतो. आघाताच्या वेळी फेसचा तिरपेपणा २८ अंश असेल, तर स्पर्शबिंदू चेंडूच्या बुडापासून सुमारे ११ मिलिमीटर उंचीवर येतो. उलट, सात नंबरच्या आयर्नचा गुरुत्वमध्य सोलपासून, म्हणजे डोक्याच्या तळापासून, साधारण १९-२० मिलिमीटर वर असतो, आणि वेग पुरेपूर पोहोचवायचा तर आघात त्याच्या समोर व्हायला हवा. या दोन आकड्यांत आठ-नऊ मिलिमीटरचा फरक आहे. याचा अर्थ असा की आघाताच्या क्षणी सोल चेंडूच्या बुडाच्या पातळीपेक्षा तेवढा खाली असला पाहिजे. फेअरवेच्या, म्हणजे मैदानावरील आखूड कापलेल्या पट्ट्याच्या, गवतावर चेंडू जमिनीपासून काही मिलिमीटर उचललेला असतो आणि उरलेली जागा मऊ माती देते, म्हणून तेथे हे शक्य होते. सिमेंटवर अंथरलेल्या चटईत सोल एवढा खाली जाऊच शकत नाही. म्हणजे चटईवरचा आयर्नचा फटका मुळातच फेसच्या खालच्या भागावर बसतो, आणि मनगट उलगडून लॉफ्ट वाढवला की स्पर्शबिंदू आणखी खाली सरकतो. ३५ अंशांना तो जेमतेम नऊ मिलिमीटरवर येतो.

हे तपासायला महागडे साधन लागले नाही. फेसवर टाल्कम पावडर हलकेच पसरून फटका मारला की चेंडूचा ठसा स्वच्छ उमटतो. आबांचे चटईवरचे बहुतेक ठसे सर्वांत खालच्या दोन-तीन ग्रूव्हवर (फेसवरील आडव्या खाचांवर) होते. फटका त्यांना "चांगला लागला" असे वाटत होते, आणि १२५ मीटर गेल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकही होते. परंतु त्या फटक्यातही थोडा वेग वाया जात होता.

तरीही ठशांनी प्रश्नाचा एकच भाग सुटला. गवतावर नेमके काय बिघडते ते पाहायला गवत हवे होते, आणि खानदेशात मार्च-एप्रिलमध्ये गोल्फयोग्य गवत आणायचे कोठून? काळी माती उन्हाने तापली की भेगाळते आणि दगडासारखी कठीण होते; तिच्यावर क्लब मारणे म्हणजे मनगटाला आणि कोपराला इजा करून घेणे. उपाय शेतीतूनच निघाला. खळ्याशेजारी काही मीटर लांबीचा वाफा घेतला, वरचा तीन-चार सेंटिमीटर थर मोकळा केला, पाणी सोडले आणि वापसा येईपर्यंत, म्हणजे ओल मशागतीजोगी होईपर्यंत, थांबलो. वापशावरची काळी माती क्लबला चिकटत नाही आणि तिच्यात उमटलेला कापही ढासळत नाही. त्यावर खो-खोच्या मैदानाला टाकतात तशी फक्कीची सरळ रेघ आखली. रेघ म्हणजे चेंडूची जागा. आधी चेंडू न ठेवताच आबांनी रेघेवर स्विंग करायचा, आणि प्रत्येक काप कोठे सुरू झाला व कोठे सर्वांत खोल गेला ते पाहायचे, एवढाच प्रयोग होता.

पहिल्याच फेरीत चित्र उघड झाले. काप रेघेच्या दहा-बारा सेंटिमीटर मागे सुरू होत होते आणि सर्वांत खोल भागही रेघेच्या मागेच होता. रेघेपाशी येईपर्यंत क्लब वर निघायला लागलेला असे. आबांचा सालदार पाणी वळवायला आला होता. त्याने वाफ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आबा, पास आधीच घुसस." वखराची पास, म्हणजे त्याचे पाते, ठरल्या जागेच्या आधीच मातीत रुतली की बैल अडखळतात, त्याच्या डोळ्यांनी तेच पाहिले होते, आणि त्याहून अचूक निदान मलाही करता आले नसते.

मग चटईवर हा दोष का दिसला नाही? आयर्नच्या सोलची मागची कड पुढच्या धारेपेक्षा थोडी खाली ठेवलेली असते. या कोनाला बाउन्स म्हणतात. कठीण पृष्ठभागावर सोल आधी टेकला तरी बाउन्समुळे तो रुतत नाही, घसरत पुढे जातो आणि फारसा वेग न गमावता चेंडूपर्यंत पोहोचतो. गवतात तसे होत नाही. दहा सेंटिमीटर लांब, सहा सेंटिमीटर रुंद आणि सरासरी अर्धा सेंटिमीटर खोल काप म्हणजे तीस घन सेंटिमीटर माती, वजनाने सुमारे ४५ ग्रॅम. त्यातली निम्मी माती जरी क्लबच्या वेगाने पुढे ढकलली गेली, तरी २७० ग्रॅमच्या डोक्याचा वेग सात-आठ टक्क्यांनी कमी होतो. मुळे आणि माती कापण्याचा विरोध यात धरलेलाच नाही. एवढी घट अंतरात दहा-बारा मीटरच्या आसपास जाते. शिवाय फेस आणि चेंडू यांच्यामध्ये गवत व माती सापडल्याने घर्षण कमी होते आणि फिरकी घटते. आबांचे हरवलेले वीस मीटर येथे सापडतात. चटई त्यांना प्रत्येक वेळी माफ करत होती, आणि ज्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही ती चूक शरीर सोडत नाही. अनेक महिन्यांच्या प्रामाणिक सरावाने त्यांनी नेमकी तीच चूक पक्की केली होती, याचे मला खरोखर वाईट वाटले.

निम्म्यावर बसणाऱ्या फटक्यांचे कारणही याच भूमितीत आहे. क्लबचे डोके ज्या चापावर फिरते त्याची त्रिज्या दीड-पावणेदोन मीटर असते, त्यामुळे तळाशी तो चाप फारच सपाट असतो. हिशेब केल्यास, सर्वांत खालच्या बिंदूपासून १३ सेंटिमीटर अलीकडे क्लब केवळ साडेचार-पाच मिलिमीटर वर असतो. याची दुसरी बाजू अशी की खाली उतरताना छाती किंवा गुडघे पाच मिलिमीटर जरी जास्त खचले, तरी क्लब जमिनीला टेकण्याची जागा कित्येक सेंटिमीटर मागे सरकते. खालचा बिंदू चेंडूच्या मागे असेल तर एवढ्याशा फरकाने फटका पुरता मातीत जातो. तोच बिंदू चेंडूच्या पुढे असेल तर तेवढाच फरक पचून जातो, कारण क्लब जमिनीत शिरण्याआधी चेंडू निघून गेलेला असतो. व्यावसायिक खेळाडूंचा सात नंबरचा आयर्न साधारण चार अंशांनी खाली उतरत चेंडूला भेटतो, आणि वरच्या चापाच्या हिशेबाने चार अंश म्हणजे खालचा बिंदू चेंडूच्या दहा ते तेरा सेंटिमीटर पुढे. त्यांचा डिव्हट (क्लबने गवतात पडलेला काप) चेंडूच्या जागेनंतर पडतो तो यामुळे.

उपचार म्हणून चटई गुंडाळून ठेवली. हा निर्णय आबांना सर्वांत जड गेला, कारण वाफ्यात सुरुवातीचे फटके चटईपेक्षा वाईट जात होते. सूचना मुद्दाम मोजक्या ठेवल्या: उभे राहतानाच निम्म्याहून थोडा अधिक भार डाव्या पायावर घ्यायचा, आघाताच्या वेळी हात चेंडूच्या पुढे असतील असा प्रयत्न करायचा, आणि लक्ष चेंडूवर ठेवण्याऐवजी काप रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू होतो की नाही यावर ठेवायचे. मनगट कसे वळवायचे, खांदा कोठे न्यायचा याविषयी मी काही बोललो नाही, आणि तो माझा अधिकारही नव्हता. जमिनीवरची खूण शरीराला स्वतःच सुधारायला लावते, असा माझा विश्वास होता. सुरुवात कमरेपर्यंतच्या अर्ध्या स्विंगने केली, कारण कमी वेगात खालचा बिंदू हलवणे सोपे जाते.

काही आठवड्यांत काप रेघेकडे सरकले. मधल्या काळात उलटी चूकही झाली: पुढे कापण्याच्या नादात आबा क्लब जमिनीत खुपसू लागले, काप खोल व आखूड झाले आणि उजव्या कोपराची आतली बाजू दुखू लागली. तेथे काही दिवस विश्रांती घेऊन खोलीवर मर्यादा घातली. काप बोटाच्या पेराहून उथळ राहिला पाहिजे, अशी. हळूहळू पावडरचे ठसे खालच्या ग्रूव्हवरून वर, फेसच्या मध्याकडे आले. चेंडू आधीपेक्षा कमी उंचीवरून जाऊ लागला, कारण हात पुढे राहिल्याने आघाताच्या वेळचा लॉफ्ट घटला होता. हे अपेक्षितच होते, तरी उंच फटक्याची सवय असलेल्या आबांना आरंभी ते खटकले.

त्यानंतर नाशिकला खेळताना त्यांनी प्रत्येक डिव्हटचे छायाचित्र चेंडूच्या जागी टी (चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी) टोचून घेतले. बहुतेक डिव्हट टीच्या पुढे होते आणि त्या फटक्यांचे अंतर शेतातल्या अंतराशी जुळत होते. जे तीन-चार फटके कमी पडले त्यांचे डिव्हट टीच्या मागे होते, आणि त्यांतील बहुतेक चढावर उभे राहून मारलेले होते. चढावर भार आपोआप उजव्या पायावर जातो, त्यामुळे खालचा बिंदूही मागे सरकतो. वाफा सपाट असल्याने याचा सराव झालेला नव्हता. आबांनी आता विहिरीच्या बांधालगत उताराचा दुसरा वाफा काढला आहे.

पाच नंबरच्या आयर्नचे काम अजून बाकी आहे. त्याचा लॉफ्ट कमी असल्याने आघाताच्या वेळी फेस २० अंशांच्या आसपास असतो आणि स्पर्शबिंदू चेंडूच्या बुडापासून सुमारे १४ मिलिमीटरवर येतो, म्हणजे सोलला सात नंबरइतके खाली जावे लागत नाही. सात नंबरसाठी बसलेली कापाची जागा आणि खोली जशीच्या तशी वापरली तर पाच नंबरचा फटका फेसच्या वरच्या भागावर बसतो, आणि आबांचे सध्याचे ठसे तेच दाखवत आहेत. खालचा बिंदू पुढेच ठेवून काप अधिक उथळ करणे, एवढाच बदल त्यासाठी हवा आहे. पाऊस पडून पेरणी सुरू झाली की समोरचे शेत कपाशीला जाईल. तोपर्यंत वापसा साधून हे मोजमाप पुरे करायचे ठरले आहे.